उपचार घराजवळ मिळावेत, हे कायदाच सांगतो

वसई, नालासोपारा किंवा विरारमध्ये घरातले माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागले, रात्र रात्र जागू लागले, अंगावर धावून येऊ लागले, की शेजारीपाजारी एकच सल्ला देतात : ‘ठाण्याला न्या.’ म्हणजे १९०१ साली सुरू झालेल्या प्रादेशिक मनोरुग्णालयात. येरवडा, नागपूर, रत्नागिरी आणि ठाणे ही राज्याची चार जुनी मनोरुग्णालये. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला, तरी मनाच्या आजाराची वाट ठाण्याकडेच जात राहिली. आजारी माणसाला सांभाळत घोडबंदरची कोंडी पार करायची, नाहीतर दादरला गाडी बदलायची. रोजंदारीवरच्या कुटुंबाची प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी बुडते. मग फेऱ्या लांबतात, गोळ्या सुटतात आणि आजार उलटतो. जव्हार-मोखाड्याकडचे लोक भगताकडे जातात, त्यालाही केवळ अंधश्रद्धा कारण नाही. भगत पाड्यावर भेटतो, मानसोपचारतज्ज्ञ भेटत नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच अंतराबद्दल बोलतो. २९ मे २०१८ पासून तो लागू आहे. त्याच्या कलम १८ नुसार शासनाने चालवलेल्या किंवा शासकीय निधीवर चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. उपचारासाठी कुणाला लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा राहत्या जागेजवळ असावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. किमान सेवाही जिल्ह्यात सरकारी पातळीवर नसेल, तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या मानसिक आरोग्य केंद्रात उपचार घेता येतात आणि तो खर्च शासनाने सोसायचा असतो. दारिद्र्यरेषेखालच्या आणि निराधार रुग्णांना सरकारी केंद्रात उपचार मोफत आहेत.

हा बदल किती मोठा आहे, हे मागे वळून पाहिल्याशिवाय कळत नाही. १८५८ आणि १९१२ च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्यांना ‘वेड्यां’ना कोंडून समाज सुरक्षित ठेवायचा होता. १९८७ च्या कायद्याने भाषा सुधारली, पण त्याचाही भर दाखल करण्यावर आणि परवान्यांवरच राहिला. २०१७ च्या कायद्याने रुग्णाला हक्क असलेला नागरिक मानले. आजारी पडल्यावर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे प्रौढ व्यक्ती आधीच लिहून ठेवू शकते. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी तिला नेमता येतो. रुग्णाला स्वतः निर्णय घेणे शक्य नसेल, तर प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करता येते. मात्र त्यासाठी दोन स्वतंत्र तपासण्या लागतात, त्यातली एक मानसोपचारतज्ज्ञाचीच. मुदत ३० दिवसांची, पुढे ठेवायचे तर याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची मंजुरी हवी. साखळीने बांधणे आणि भूल न देता विजेचे झटके देणे, या दोन्हींवर बंदी आहे.

विरारसारख्या स्थानकांवर भरकटलेली माणसे दिसतात, त्यांच्यासाठीही कायद्यात वाट आहे. अशा व्यक्तीला आजारामुळे स्वतःची काळजी घेता येत नसेल, तर तिला संरक्षणाखाली घेणे हे ठाणेदाराचे कर्तव्य आहे. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचे. कोठडीत ठेवायचे नाही. पुढे उपचार आणि घरवापसी हे काम किती शक्य आहे, ते डॉ. भरत वाटवानी यांच्या कर्जतच्या ‘श्रद्धा’ संस्थेने दाखवले. त्यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

बरे झाल्यावर जायचे कुठे, हा प्रश्न मात्र राज्याने टाळला. बरे झालेल्या रुग्णांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवण्याचा प्रकार थांबवा, असे सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्राला बजावावे लागले. वर्षानुवर्षे मनोरुग्णालयात अडकलेल्यांसाठी आणि कायद्याच्या अंमलबजावणीसाठी मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी मुंबई उच्च न्यायालयात गेले. घराकडून नाकारलेल्यांसाठी समाजातच निवासाची सोय करणे कायद्याने शासनावर सोपवले आहे. ती सोय नसली, की बरा झालेला माणूसही रुग्णच राहतो.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या आईबापांची वाट वेगळी आहे, आणि तिथेच गल्लत होते. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक वाढ अपुरी राहण्याची अवस्था वगळली आहे. आजारावर उपचार होतात. इथे मुलाला शिक्षण, सराव आणि जन्मभराचा आधार लागतो. त्यासाठी दोन कायदे आहेत. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या अक्षमता येतात. किमान ४० टक्के अक्षमता असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, शेजारच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ हा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुअक्षमता यांच्यासाठी आहे.

‘आमच्या माघारी याचं कसं होणार?’ हा प्रश्न या आईबापांची झोप उडवतो. मूल १८ वर्षांचे झाले, की आईवडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. बँकेत किंवा मिळकतीच्या कागदावर अडल्यावरच अनेकांना हे कळते. न्यास कायद्याप्रमाणे पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा असतो, वसईकरांनी पालघरला. आपल्या हयातीतच, हातीपायी धड असताना तो करावा.

कायदा केंद्राचा असला तरी दवाखाने, डॉक्टर आणि निधी राज्याने द्यायचे आहेत. २०११ च्या जनगणनेतच १२ लाखांवर गेलेल्या वसई-विरार शहराला हे मागण्याचा पूर्ण अधिकार आहे. महापालिकेच्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात, गोळ्या तिथेच मोफत मिळतात का, दिव्यांगांसाठी राखायचा पाच टक्के निधी कुठे खर्च झाला, हे प्रत्येक नगरसेवकाला लेखी विचारा. घरात अडचण असेल, तर ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन करा. हक्क नाकारला गेला, तर मोफत विधी सेवेचा क्रमांक १५१०० आहे. मनाच्या आजारासाठी वसईच्या माणसाला खाडी ओलांडून ठाणे गाठावे लागणे ही नुसती गैरसोय नाही. तो कायद्याचा भंग आहे आणि तसाच तो मांडला पाहिजे.