शिदोरी घेऊन येणारे पाहुणे

बालमित्रांनो, २९ जून २०२४ ची रात्र आठवते ना? भारताने टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकला आणि गल्लोगल्ली फटाके फुटले! तो सामना झाला होता वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर, ब्रिजटाउन शहरात. नकाशात ते शोधायला भिंगच घ्या, कारण हा अख्खा देश आपल्या मुंबईपेक्षाही लहान आहे. पण मूर्ती लहान असली, तरी २०२० साली या देशाने एक नामी युक्ती काढली होती. तीच आज तुम्हाला सांगणार आहे.

झालं असं, की त्या वर्षी कोरोनाची साथ आली आणि विमानं थांबली. बार्बाडोसचा संसार मुख्यतः पर्यटकांवर चालतो. पर्यटकच नाहीत म्हटल्यावर हॉटेलं ओस पडली, टॅक्सीवाले रिकामे बसले. नेमकं त्याच वेळी जगभर कचेऱ्या बंद झाल्यामुळे हजारो लोक घरी बसून संगणकावर काम करू लागले होते. तुमच्यापैकी कुणाच्या ताईने किंवा काकानेही केलं असेल. पंतप्रधान मिया मॉटली यांच्या सरकारने विचार केला, काम घरूनच करायचं, तर ते घर आमच्या समुद्रकाठी का नको? आणि जुलै २०२० मध्ये त्यांनी ‘वेलकम स्टॅम्प’ नावाचा व्हिसा सुरू केला.

आता व्हिसा म्हणजे काय? पासपोर्ट म्हणजे ‘हा आमचा माणूस’ असं आपल्या देशाने दिलेलं ओळखपत्र. व्हिसा म्हणजे ‘या आमच्याकडे’ अशी दुसऱ्या देशाने दिलेली परवानगी. ती देताना प्रत्येक देश विचारतो, “कशासाठी येताय? किती दिवस?” पर्यटकाला सांगतात, फिरा, पण नोकरी करू नका. नोकरी करायची, तर बहुतेक वेळा तिथल्या मालकाने आधी ती द्यावी लागते. मग सांगा पाहू, लंडनच्या कंपनीचं काम ब्रिजटाउनच्या खोलीत बसून करणारा माणूस कोण? पर्यटक की कामगार? धड हाही नाही आणि तोही नाही! म्हणून त्याच्यासाठी हे तिसरं दार काढलं. अशा लोकांना ‘डिजिटल नोमॅड’ म्हणतात. नोमॅड म्हणजे भटक्या. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे, चराऊ कुरणं शोधत फिरणारा.

हे वाचलं आणि मला आमचे धनगर आठवले. मी कोकणात शिकवते. भात कापून झालं की घाटावरून धनगरांची मेंढरं आमच्याकडे उतरतात. शेतकरी त्यांना मुद्दाम आपल्या शेतात बसवतात, कारण लेंड्यांचं फुकट खत मिळतं. त्याबद्दल धनगराला धान्य देतात. दोघांचाही फायदा, हो की नाही?

बार्बाडोसचा हिशेब तसाच आहे. पाहुण्याने वर्षभर राहावं, भाडं भरावं, बाजारहाट करावी. त्याची मुलं तिथल्या शाळेतही जाऊ शकतात. मिळकतीवर तिथला कर नाही. पण अट अशी, की तिथली नोकरी धरायची नाही. म्हणजे आपली शिदोरी आपण बांधून आणायची! शिदोरीही लहान चालत नाही बरं का. वर्षाची कमाई किमान ५०,००० डॉलर हवी. तेव्हाच्या भावाने हे सुमारे ३७ लाख रुपये झाले. शिवाय एकट्यासाठी २,००० आणि कुटुंबासाठी ३,००० डॉलर शुल्क.

युक्ती इतरांनीही उचलली. एस्टोनियाने ऑगस्ट २०२० मध्ये असा व्हिसा सुरू केला, क्रोएशियाने २०२१ मध्ये. जपानने २०२४ मध्ये सहा महिन्यांची परवानगी देऊ केली, पण वर्षाला एक कोटी येनची कमाई हवी आणि पासपोर्ट ठरावीक देशांचाच हवा. योजना सुरू झाली तेव्हा त्या यादीत भारत नव्हता. म्हणजे खिशाबरोबर पासपोर्टही पाहतात!

पण मेंढरं उभ्या पिकात शिरली तर? मग भांडण ठरलेलंच. पोर्तुगालने ऑक्टोबर २०२२ मध्ये हा व्हिसा सुरू केला. अट काय, तर तिथल्या किमान वेतनाच्या चौपट कमाई हवी. आता विचार करा. एकाच खोलीसाठी दोघे आले, एक किमान वेतनावर राबणारा आणि दुसरा त्याच्या चौपट कमावणारा. घरमालक कुणाला हो म्हणेल? लिस्बनमध्ये घरभाडी फार वाढली. दोष एकट्या या पाहुण्यांचा नाही. पर्यटकांना भाड्याने दिलेली घरं आणि परदेशी गुंतवणूकदार, ही कारणंही आहेतच. पण १ एप्रिल २०२३ रोजी हजारो लोक राहायला परवडणारं घर मागण्यासाठी तिथल्या रस्त्यांवर उतरले.

हे सगळं मी वर्गात सांगत होते. दुबईनेही ऑक्टोबर २०२० मध्ये अशीच योजना काढली आणि कुटुंबालाही सोबत आणा म्हणाली, असं मी सांगितलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, माझे बाबापण दुबईलाच आहेत. ड्रायव्हर आहेत. मग आम्हाला का नाही नेता येत?”

वर्ग गप्प झाला. मी त्याला खरं तेच सांगितलं. त्याच्या बाबांचा व्हिसा मालकाकडून मिळालेला, कामाचा. त्यावर कुटुंब न्यायचं, तर पगार ठरावीक रकमेच्या वर असावा लागतो, राहायला जागा असावी लागते. गाडी काही संगणकावरून चालवता येत नाही. शहर तेच, पण आत जायची दारं दोन, आणि प्रत्येक दाराचे नियम निराळे.

मग आम्ही एक खेळ खेळलो. प्रत्येकाने सरकार व्हायचं आणि परदेशातून येणाऱ्यांसाठी तीन नियम लिहायचे. कुणी लिहिलं, ‘आमची भाषा शिकावी लागेल.’ कुणी लिहिलं, ‘गाववाल्यांची घरं भाड्याने घेऊ नयेत, नवी बांधावीत.’ त्या मुलाने मात्र एकच नियम लिहिला होता, ‘कामाला येणाऱ्याने आपली माणसं बरोबर आणावीत.’

मी त्याला दहापैकी दहा गुण दिले. मित्रांनो, तुम्ही सरकार झालात, तर तुमचे तीन नियम कोणते असतील?