बंदूक घरात, धोकाही घरात

बंदूक असली की घर सुरक्षित, असा समज अमेरिकेत घट्ट रुजला आहे. प्रत्यक्षात तिथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. २०२१ मध्ये असे ४८ हजारांहून अधिक मृत्यू झाले. त्यांतील २६ हजारांवर आत्महत्या होत्या.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी कॅलिफोर्नियातील सुमारे २ कोटी ६३ लाख प्रौढांच्या १२ वर्षांच्या नोंदी तपासल्या. निष्कर्ष २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण इतर पुरुषांच्या सुमारे आठपट, तर महिलांमध्ये ३५ पट आढळले. पिस्तूल घेतल्यानंतर लगेचचा काळ सर्वाधिक धोक्याचा होता. पण निम्म्याहून अधिक मृत्यू वर्ष उलटल्यावर झाले.

'ज्याला मरायचेच आहे, तो काहीतरी मार्ग शोधणारच,' असे म्हटले जाते. मात्र याच अभ्यासात, पिस्तूलधारकांमध्ये अन्य मार्गांनी आत्महत्येचे प्रमाण वाढलेले नव्हते. टोकाचा विचार अनेकदा काही मिनिटांचा किंवा तासांचा असतो. तो क्षण टळला की माणूस सावरू शकतो. प्रयत्नातून वाचलेल्या बहुतेकांचा मृत्यू पुढे आत्महत्येने होत नाही. बंदूक मात्र सावरायला संधीच देत नाही.

इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये सुट्टीवर घरी जाणाऱ्या सैनिकांना शस्त्र तळावरच ठेवायला लावले. तरुण सैनिकांमधील आत्महत्या त्यानंतर सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतील होती.

आपल्याकडे शस्त्र परवान्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे घरोघरी बंदुका नाहीत. मात्र शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशक असते. अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातल्यावर श्रीलंकेत आत्महत्या मोठ्या प्रमाणात कमी झाल्या. म्हणून कीटकनाशक घराबाहेर, कुलपात ठेवावे आणि किल्ली एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावी. परवान्याचे शस्त्र असेल तर ते गोळ्या काढून कुलपात आणि गोळ्या दुसरीकडे ठेवाव्यात. घरातले कोणी खचलेले दिसल्यास शस्त्र काही काळ घराबाहेर सुरक्षित ठेवण्यासाठी पोलिसांचा सल्ला घ्यावा.

'जीव द्यावासा वाटतो का?' असे आपुलकीने विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मन मोकळे होते. अशा वेळी त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत समुपदेशन मिळते.