मनगटावरील हिरवा प्रकाश आणि हृदयाचे ठोके
स्मार्टवॉचच्या तळाचा हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो, तेथील रक्तातील हिमोग्लोबिन तो शोषून घेते, आणि प्रत्येक ठोक्यागणिक रक्त वाढले की परतणारा प्रकाश किंचित घटतो. या चढउतारांवरून ठोके मोजण्याच्या पद्धतीस फोटोप्लेथिस्मोग्राफी, म्हणजेच प्रकाशाधारित नाडीमापन, म्हणतात. पट्टा सैल असल्यास बाहेरचा उजेड आत शिरतो व घड्याळ हलते, म्हणून व्यायामापूर्वी ते मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण न काचेल असे बांधणे अत्यंत महत्त्वाचे होय. धावताना कधी कधी पावलांची लय, समजा मिनिटाला १६०, हीच हृदयगती म्हणून नोंदली जाते, आणि आकडा संभाव्य वाटत असल्याने हा दोष सहसा ध्यानात येत नाही. थंडीने किंवा गडद गोंदणानेही संकेत क्षीण होतो. हृदयगतीत जलद चढउतार होणाऱ्या व्यायामात हृदयाचे विद्युत्संकेत टिपणारा छातीचा पट्टाच अधिक भरवशाचा ठरतो.