ओझ्याचा दर कोण ठरवतो?



बाजार समितीच्या आवारात तुम्ही कधी तरी वडिलांबरोबर गेला असाल. आपल्या संग्रामपूर तालुक्यातला शेतकरी तूर, सोयाबीन, हरभरा विकायला नेतो. माल गाडीतून उतरतो, काट्यावर जातो, पोत्यांची थप्पी लागते आणि शेवटी पोती ट्रकमध्ये चढतात. ही सारी कामे हमाल करतात. 'हमाल' हा शब्द तुम्हांला परका नाही. तो मूळचा अरबी. उर्दूत आला, तसा मराठीतही आला. माथ्यावर ओझे वाहणाऱ्याला मराठीत 'माथाडी' असेही म्हणतात.

एका पोत्यामागे हमालाला किती पैसे मिळावेत, हे कोण ठरवते? या प्रश्नाकडे माझे लक्ष एका जुन्या विद्यार्थ्यामुळे गेले. त्याचे वडील बाजारात हमाली करीत. तो स्वतः आता मोटारसायकलवरून घरोघरी पार्सले पोहोचवतो. मे महिन्यातल्या एका दुपारी तो शाळेत पार्सल घेऊन आला. मी त्याला पाणी दिले आणि कामाची चौकशी केली. तो म्हणाला, "सर, पार्सलमागे पैसे मिळतात. पेट्रोल माझे, गाडी माझी. ऊन लागून चार दिवस पडून होतो, त्या चार दिवसांचे काहीच मिळाले नाही. दर वाढवा म्हणायचे तर कोणाला म्हणू? काम मोबाइलवर येते. समोर माणूसच नाही."

त्याच्या वडिलांच्या पिढीपुढेही असाच प्रश्न होता. गिरणीतल्या कामगाराला एक मालक असतो. हमालाचे तसे नसते. तो सकाळी एका अडत्याची पोती उतरवतो, तर दुपारी दुसऱ्या व्यापाऱ्याचा ट्रक भरतो. काम करताना पाय मोडला, तर प्रत्येक जण म्हणू शकतो, "हा माझा नोकर नाही." सगळ्यांचे काम करणाऱ्या माणसाची जबाबदारी मात्र कोणावरच नाही, अशी ही स्थिती होती.

ती बदलण्यासाठी हमाल एकत्र आले. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी १९५५ साली हमाल पंचायत उभी केली. मुंबईच्या बाजारपेठांत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना संघटित केले. या चळवळींचा परिणाम म्हणून महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला.

या कायद्यातली युक्ती समजून घ्या. कायद्याने मंडळे स्थापन करण्याची सोय केली. मंडळावर कामगारांचे आणि मालकांचे प्रतिनिधी सारख्याच संख्येने असतात, तसेच सरकारचेही प्रतिनिधी असतात. मंडळाकडे व्यापारी आपली नोंद करतात आणि हमालही करतात. व्यापारी मजुरीची रक्कम मंडळाकडे भरतो. तिच्याबरोबर मजुरीच्या ठरावीक टक्के जादा रक्कमही भरतो. या जादा रकमेला 'लेव्ही' म्हणतात. मंडळ हमालाला मजुरी देते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस, औषधोपचार यांची तरतूद करते. मालक शंभर असोत की हजार, हमालाचा हिशेब एकाच ठिकाणी राहतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दर ठरतो तो वाटाघाटींतून. उर्दूत ज्याला तुम्ही 'मुजाकरात' म्हणता, त्याच या वाटाघाटी. दोन्ही बाजूंनी समोरासमोर बसून, बोलून मार्ग काढणे, हा त्याचा अर्थ.

वाटाघाटींच्या काही पायऱ्या असतात. प्रथम हमालांची सभा भरते. काय मागायचे हे सर्वांच्या विचाराने ठरते आणि ते लिहून काढतात. त्या कागदाला मागणीपत्र म्हणतात. मग संघटनेचे प्रतिनिधी व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधींबरोबर बसतात. समजा, एका पोत्याची हमाली दहा रुपये आहे. संघटना म्हणते, पंधरा द्या. व्यापारी म्हणतात, अकरा देऊ. संघटना महागाईचा हिशेब मांडते. व्यापारी आपला खर्च दाखवतात. पुन्हा बैठक होते. शेवटी, समजा, तेरा रुपयांवर एकमत होते. दर, अटी आणि मुदत लिहून दोन्ही बाजू सह्या करतात. हा झाला करार. मुदत संपेपर्यंत तो दोघांनाही बांधून ठेवतो. हमाल मध्येच जास्त मागत नाही आणि व्यापारी मध्येच कमी देत नाही. दोघांचीही रोजची कटकट वाचते.

बोलणी फक्त पैशांची असतात असे समजू नका. एके काळी धान्याचे पोते शंभर किलोचे असे. ते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे, म्हणजे कंबरेचे काय होत असेल? १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने शिफारस केली, की प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोंपेक्षा जास्त असेल, तर ती लवकरात लवकर तेवढ्यावर आणावी. पोते पन्नास किलोचे करा, ही हमालांच्या चळवळीची मोठी मागणी होती. शरीर जपणे हाही मजुरीइतकाच हक्क आहे.

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. शेतकऱ्याच्या हातात जी हिशोबपट्टी पडते, तीत हमाली आणि तोलाई कापलेली असते. म्हणजे दर वाढला, की त्याचा काही भार तुमच्या वडिलांवरही पडू शकतो. म्हणून मागणी रास्त असावी लागते. बोलणी फिसकटली, तर हमाल संप करू शकतात. पण संपात हमालाची मजुरी बुडते आणि शेतकऱ्याचा माल आवारात पडून राहतो. म्हणूनच संप हे शेवटचे हत्यार मानतात. कामगारांच्या नावावर कोणी दमदाटी करून पैसे उकळू लागला, तर ती वाटाघाट नव्हे, ती खंडणी होय.

आता दूरच्या देशातले एक उदाहरण पाहा. अमेरिकेत 'युनायटेड पार्सल सर्व्हिस' नावाची पार्सले पोहोचवणारी प्रचंड कंपनी आहे. तेथील कामगारांच्या संघटनेचे नाव 'टीमस्टर्स'. या शब्दाचा मूळ अर्थ जनावरांची जोडी हाकणारा, म्हणजे आपला गाडीवान! १९०३ साली स्थापन झालेल्या या संघटनेच्या चिन्हावर आजही घोड्यांची तोंडे आहेत. १९९७ साली बोलणी फिसकटल्यामुळे या कंपनीच्या सुमारे १ लाख ८५ हजार कामगारांनी संप केला. तो दोन आठवड्यांहून अधिक काळ चालला. २०२३ साली पुन्हा करार संपत आला. या वेळी सुमारे ३ लाख ४० हजार कामगारांचा प्रश्न होता. संपाची तयारी झाली होती. परंतु ३१ जुलैची मुदत संपण्यापूर्वी सहा दिवस, म्हणजे २५ जुलैला, समझोता झाला. मग कामगारांनी त्यावर मतदान केले आणि ८६ टक्क्यांहून अधिक मते कराराच्या बाजूने पडली. मजुरी तर वाढलीच, शिवाय नव्या गाड्यांत वातानुकूलन यंत्र बसवण्याचेही ठरले. उन्हाने पार्सलवाला आजारी पडतो, ही तक्रार तेथेही होती!

मग माझ्या विद्यार्थ्याने काय करावे? अमेरिकेतल्या त्या कामगारांपुढे एक कंपनी होती, तिच्याशी बोलता आले. आपल्याकडे पार्सले पोहोचवणाऱ्या कित्येक तरुणांना कंपनी नोकर म्हणत नाही, 'भागीदार' म्हणते. नोकर नाही, म्हणून रजा नाही आणि दरावर बोलण्याची जागाही नाही. भारताच्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची प्रथमच दखल घेतली गेली. ही संहिता २०२० साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मोबाइलवरून काम देणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या सुरक्षा निधीसाठी द्यावी, असे तीत म्हटले आहे. कामगारांना द्यायच्या रकमेच्या पाच टक्के ही त्याची कमाल मर्यादा आहे. तुम्हांला लेव्हीची आठवण झाली ना? महाराष्ट्रातल्या हमालांनी पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी जी वाट पाडली, तिच्याशी ही कल्पना जुळते. मात्र निधी मिळणे वेगळे आणि पार्सलमागचा दर ठरवताना समोर बसायला मिळणे वेगळे. हे दुसरे काम अजून बाकी आहे.

मी त्या मुलाला एवढेच म्हणालो, "तुझ्या वडिलांना विचार. त्यांच्याही समोर एक मालक नव्हता. ते आधी एकमेकांशी बोलले, मग व्यापाऱ्यांशी."

मित्रांनो, उर्दूत 'करार' या शब्दाचा अर्थ मनाचे स्वास्थ्य, चैन असाही होतो. मराठीत करार म्हणजे दोघांनी मान्य केलेला लेखी शब्द. दोन्ही अर्थ मला जवळचे वाटतात. ज्याच्या श्रमाचा दर त्याला विचारून ठरतो, त्यालाच रात्री निश्चिंत झोप लागते. पुढच्या वेळी दारात पार्सल येईल, तेव्हा आणणाऱ्याला पाणी विचारा. आणि त्या पार्सलामागचा दर कोणी ठरवला असेल, याचाही विचार करा.