चुन्याच्या भट्टीची ऊब

आयर्लंडच्या खेड्यांत डोंगरउताराला टेकून बांधलेल्या, गवताने झाकलेल्या जुन्या दगडी भट्ट्या आजही आढळतात. या चुन्याच्या भट्ट्या होत. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत तेथील शेतकरी त्यांत चुनखडी भाजत असत.

भट्टी उतारावर का बांधत? कारण वरच्या अंगाने चुनखडीची गाडी थेट भट्टीच्या तोंडापर्यंत नेता येई. तोंडातून चुनखडीचे तुकडे आणि जळण यांचे थर आळीपाळीने रचत. जळण म्हणजे दगडी कोळसा किंवा दलदलीतून कापून वाळवलेले ‘टर्फ’. तळाशी असलेल्या भोकाला ‘भट्टीचा डोळा’ म्हणत. त्यातून हवा आत शिरे आणि भाजलेला चुना बाहेर काढता येई.

सुमारे ९०० अंश सेल्सियस तापमानाला चुनखडीचे, म्हणजेच कॅल्शियम कार्बोनेटचे, विघटन होते. १०० किलोग्रॅम शुद्ध चुनखडीपासून ५६ किलोग्रॅम कळीचा चुना मिळतो. उरलेले ४४ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायूच्या रूपाने निघून जातात. कळीच्या चुन्यावर पाणी घातले की तो उष्णता बाहेर टाकून विरतो. चुन्याने शेतजमिनीची आम्लता कमी होई, तसाच तो घरांच्या भिंतींना सफेदी देण्याच्याही कामी येई.

१९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडमधील सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांनी घरच्या व शेजारच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या जुन्या गोष्टी वह्यांत उतरवून घेतल्या. त्यांत चुन्याच्या भट्ट्यांच्या आठवणीही आहेत. अशा भट्ट्यांविषयी एक हकीकत वारंवार सांगितली जाई: थंडीच्या रात्री एखादा वाटसरू उबेसाठी भट्टीजवळ झोपे आणि सकाळी मृतावस्थेत सापडे.

यात भुताखेतांचा हात नव्हता. चुनखडीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. थंड झाल्यावर तो खोलगट जागी साचू शकतो आणि तेथील ऑक्सिजनचे प्रमाण घटते. शिवाय जळणाचे ज्वलन अपुरे झाले, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट संयोग पावतो. झोपलेल्या माणसाला धोक्याची जाणीवही होत नाही.

चुन्याच्या त्या भट्ट्या आता थंडावल्या आहेत. पण हा वायू आपल्या घरातही तयार होऊ शकतो. म्हणूनच हिवाळ्यात दारेखिडक्या बंद करून खोलीत कोळशाची पेटती शेगडी ठेवून कधीही झोपू नये.