नवी मालमोटार सदोष निघाल्यास

कात्रजच्या चढावर नवी मालमोटार तापून उभी राहिली, की बिबवेवाडीनजीकच्या मार्केट यार्डात जाणारी भाजी वाटेतच सुकते. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. अशा वेळी विक्रेत्याशी तोंडी वाद घालण्यात आम्हांस अर्थ दिसत नाही. प्रत्येक खेपेस तक्रार जॉब कार्डावर लिहवून प्रत घ्यावी. ‘गाडी तपासली’ एवढ्याच शेऱ्यावर सही करू नये. हमीच्या मुदतीत बाहेरच्या मिस्त्रीस इंजिन उघडू देऊ नये. एवढ्याने बहुधा विक्रेता हालतो. न हालल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये, कारण घडल्यापासून दोन वर्षांत, आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. मात्र गाडी व्यापारासाठी नव्हे, स्वयंरोजगाराने केवळ चरितार्थ चालविण्यासाठी घेतलेली असावी लागते.