ट्रॉलीचे चाक घासते तेव्हा

विंध्य पर्वताच्या माथ्यावर, काळीसिंध नदीच्या उगमाच्या परिसरात वसलेले बागली हे गाव मध्य प्रदेशाच्या देवास जिल्ह्यात आहे. या भागाचा उत्तरेकडील पट्टा माळव्याच्या काळ्या जमिनीचा असून दक्षिणेकडील पट्टा घाट उतरून नर्मदेच्या खोऱ्याकडे जातो. सोयाबीन, गहू व हरभरा बाजारात पोहोचविण्याचे काम येथे बहुतांशी ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीनेच होते. अमावास्येला नेमावर येथे नर्मदास्नानास निघालेली मंडळीही पुष्कळदा याच ट्रॉलीत बसलेली दिसतात. ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी नव्हे, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही माणसे बसतात. त्यामुळे ट्रॉलीचे टायर वरच्या पत्र्याला घासणे ही बाब केवळ टायरच्या किमतीपुरती राहत नाही.

टायर घासू लागला की प्रथम रबर तापते. त्यानंतर टायरचा खांदा किंवा बाजू कापली जाऊन आतील धागे उघडे पडतात, आणि भरलेल्या अवस्थेत, बहुधा उतारावर, टायर फुटतो. दोनच चाकांची ट्रॉली अशा वेळी एका अंगाला बसते व ट्रॅक्टरला सोबत ओढते. सुदैवाने हा दोष एकाएकी उद्भवत नाही. तो आधी खुणा दाखवितो. चाकावरील पत्र्याच्या खालच्या अंगास काळा चकचकीत पट्टा उमटतो, मडगार्डवर रबराची भुकटी साचते, आणि खड्ड्यातून जाताना जळक्या रबराचा वास येतो.

खूण कोठे आहे हे नीट पाहिल्यास कारणाचा निम्मा उलगडा होतो. दोन्ही चाकांवर बरोबर वरच्या बाजूस पट्टा असेल, तर पाटे बसले आहेत किंवा माल जास्त भरला जातो. (माळव्यात ज्यांना कमानी म्हणतात, तेच आपले पाटे.) एकाच चाकावर खूण असेल, तर त्या बाजूचा एखादा पाटा मोडलेला असण्याचा संभव अधिक. टायरची आतली बाजू घासत असेल तर आस वाकला आहे किंवा चाकाचे बेअरिंग ढिले झाले आहे. एक चाक पुढे व दुसरे मागे घासत असेल, तर पाट्यांना एकत्र धरणारा मधला बोल्ट तुटून आस तिरपा सरकलेला असतो. याची परीक्षा सोपी आहे. ट्रॉलीच्या पुढील कडीपासून दोन्ही चाकांच्या मध्यापर्यंत सुतळी लावून पाहावी. दोन्ही लांबी सारख्या आल्या पाहिजेत.

काही ट्रॉल्यांना पाटेच नसतात, आस सरळ सांगाड्याला जोडलेला असतो. अशा ट्रॉलीत चाक वर सरकण्याचा प्रश्नच नाही. तेथे टायर घासत असेल तर टायर चुकीच्या मापाचा आहे, आस वाकला आहे किंवा वरचा पत्रा खाली झुकला आहे, असेच समजावे.

अंदाजावर विसंबण्यापेक्षा मोजून पाहणे केव्हाही श्रेयस्कर. ट्रॉली सपाट जागी उभी करावी, टायरमध्ये योग्य दाबाची हवा भरावी आणि टायरच्या माथ्यापासून त्याच्या वरील सर्वांत खालच्या भागापर्यंतचे अंतर मोजावे. हे माप एकदा रिकाम्या व एकदा भरलेल्या ट्रॉलीचे घ्यावे. समजा, रिकाम्या ट्रॉलीत १४ सेंटिमीटर अंतर होते आणि वजनकाट्यावर तपासलेला ३ टन माल भरल्यावर ते ८ सेंटिमीटर राहिले. म्हणजे टनामागे पाटे २ सेंटिमीटर दबले. आता कोणी ४॥ टन माल भरला तर अंतर ५ सेंटिमीटरच उरेल. उभ्या ट्रॉलीत ते पुरेसे भासेल. परंतु खड्ड्यात चाक आदळते तेव्हा पाट्यांवर क्षणभर उभ्या वजनाहून कितीतरी अधिक भार येतो, आणि ते ५ सेंटिमीटर पाहता पाहता नाहीसे होतात. भरलेल्या ट्रॉलीत चार बोटे, म्हणजे ७ ते ८ सेंटिमीटर, मोकळी असावीत हा ठोकताळा त्यासाठीच आहे. शिक्षकांना त्रैराशिकासाठी याहून घरचे उदाहरण सापडणे कठीण.

टायर बदलताना होणारी चूक विशेष आढळते. टायरवरील पहिला आकडा त्याच्या रुंदीचा व दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत असतात. ७.५०-१६ काढून त्याच रिमच्या मापाचा म्हणून ९.००-१६ बसविला, तर टायर केवळ रुंदच होत नाही; त्याची उंचीही वाढते आणि वरचे मोकळे अंतर साधारण ३ ते ४ सेंटिमीटरने घटते. वर सांगितलेल्या हिशेबात हे म्हणजे दीड-दोन टन जादा माल भरण्यासारखेच झाले. जुन्या टायरवर नवे रबर चढविले असता किंवा दोन बाजूंस वेगवेगळ्या मापाचे टायर असताना याच तऱ्हेची अडचण येते.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल टायर व मडगार्ड यांच्यामध्ये दाबून बसतो व वाळल्यावर दगडासारखा होतो. हा दोष कुदळीच्या टोकाने दूर होतो. अधिक लिहिण्याचे कारण नाही.

दुरुस्तीचा आरंभ मालाच्या वजनापासून करावा. नोंदणीपत्रात दिलेल्या वजनाच्या आत माल ठेवूनही चाक घासत असेल तरच कारखान्याची वाट धरावी. मोडलेला पाटा बदलावा, आणि तो बदलताना दुसऱ्या बाजूचे पाटेही तपासावेत. एक बाजू नवी व एक थकलेली असेल तर ट्रॉली कलते. बसलेल्या पाट्यांना पुन्हा कमान देता येते, मात्र ते काम जाणत्या माणसाकडूनच करवून घ्यावे. गॅसच्या ज्योतीने तापवून ठोकलेल्या पाट्याचे पाणी जाते. तो दिसतो छान, पण थोड्याच दिवसांत पुन्हा बसतो अथवा तुटतो. नवा जादा पाटा घातल्यास ट्रॉली उचलली जाते, पण त्यामुळे आसाची, टायरची वा रिमची ताकद वाढत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आस व पाटे यांच्यामध्ये ठोकळा घालून ट्रॉली उंच करण्याची युक्तीही प्रचलित आहे. ठोकळा लोखंडी, पक्क्या मापाचा व एकच असावा. लाकडाचा तुकडा किंवा एकावर एक रचलेले ठोकळे कधीही घालू नयेत. ट्रॉली जितकी उंच तितका भार वर जातो आणि घाटाच्या वळणावर ती उलटण्याची भीती वाढते. शिवाय मागची बाजू उंच होऊन कडी तशीच राहिली तर तळ पुढे झुकतो व कडीवरील भार वाढतो. तेव्हा कडीची उंचीही जुळवून घ्यावी. टायर तासणे, किंवा चाकावरचा सांगाडा कापून जागा करणे, हे उपाय नव्हेत. केवळ मडगार्ड आड येत असेल तर तो सरकवून बसविण्यास हरकत नाही.

काम करताना ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवावी, इंजिन बंद करून ब्रेक लावावा व ज्या चाकाचे काम नाही त्याला दोन्हीकडून दगड लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॉलीखाली शिरू नये. सांगाड्याखाली भक्कम टेकू दिल्यानंतरच हात घालावा. यू-बोल्टचे नट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत, आणि पहिल्या भरलेल्या फेरीनंतर ते पुन्हा आवळून घ्यावेत. नवे पाटे तोपर्यंत आपली जागा घेतात. त्याच वेळी मोकळ्या अंतराचे नवे माप घेऊन, ते किती मालाचे आहे हे फाळक्याच्या आतील बाजूस रंगाने लिहून ठेवावे, म्हणजे हंगामात ट्रॉली दुसऱ्याच्या हाती गेली तरी ते त्याच्या नजरेस पडेल.